मनोरा, काचेची इमारत आणि मधलं माझं दुकान

धाकट्या,

आशीर्वाद मागाहून देते, आधी हे सांग की माझं दुकान कुठं टाकलंस? बावीस वर्षं मी घड्याळाच्या मनोऱ्याच्या आणि त्या अठरा मजली काचेच्या इमारतीच्या मधे उभी राहून लोकांचे कपडे इस्त्री करते आहे (इमारत नंतर आली, मी आधी, हे लक्षात ठेव), आणि तुझ्या बक्षीस मिळालेल्या फोटोत तिथं गवत आहे. गवत! वर एक बाक. त्या जागेवर बावीस वर्षांत एक काडी उगवलेली नाही, मी कोळशाची राख टाकते तिथं. सख्ख्या बहिणीचं दुकान पुसताना हात कापला नाही तुझा? बरं, खोकला गेला का? तुझ्या बायकोला विचारलं म्हणून सांग. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही, म्हणून लिहीत नाही.

तुझा फोटो नगरपालिकेनं चौकात लावलाय, दुमजली घराएवढा. वर लिहिलंय, कालचं शहर, आजचं शहर. मला पत्ताच नव्हता. समोरच्या शाळेतल्या बाई साड्या न्यायला आल्या आणि म्हणाल्या, अहो, त्यात तुमचं दुकान काही दिसलं नाही. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि गेले बघायला. मनोरा आहे, त्याच्या डोक्यावर उगवलेलं झुडूपसुद्धा आहे. बंद घड्याळ आहे, चार वाजून दहा मिनिटं (एवढी कारागिरी करत होतास तर तेवढं तरी चालू करायचंस). काचेची इमारत आहे, काचेत ढग आहेत. मधे मी नाही. तुझे दाजी शेजारी उभे, मान वर करून. म्हटलं, आता हा माणूस चिडेल. तर म्हणतात, "फोटो मात्र झकास काढलाय हं त्यानं." मी त्यांच्याशी तीन दिवस बोलले नाही. ते अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

इथवरही मी गिळलं असतं. पण गेल्या सोमवारी नगरपालिकेचे साहेब आले, एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात तुझा फोटो. एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "बाई, इथे तर हिरवळ आहे." मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, इथे, आणि माझ्या टेबलावर बोट टेकवलं. (टेबल तापलेलं होतं. मी सांगणार होते, पण म्हटलं राहू दे.) त्यांचं म्हणणं असं की फोटो गेल्या वर्षीचा, फोटोत दुकान नाही, म्हणजे दुकान फोटोनंतर घुसलं. मी विचारलं, "साहेब, हा अंगातला शर्ट कुणी इस्त्री केला? हिरवळीनं?" कारण तो शर्ट त्याच सकाळी माझ्याकडून गेला होता, कॉलरची माझी घडी मी दहा पावलांवरून ओळखते. साहेबांनी कॉलर चाचपली आणि म्हणाले, तो विषय वेगळा.

दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन मी कचेरीत गेले. कारकुनानं परवाना बघितला, फोटो बघितला, पुन्हा परवाना बघितला. परवान्यावर शिक्का आहे आणि फोटोवरही शिक्का आहे, पण फोटोवरचा ताजा, म्हणून फोटो खरा. मी म्हटलं, अरे बाबा, मी तुझ्यापुढे उभी आहे की. तर म्हणाला, "ताई, तुमच्यावर शिक्का नाही." आता गेल्या वर्षीचा, त्याच दिवसाचा, दुकानासकट फोटो आणून दाखवला तरच फाइल उघडेल. नाही दाखवला तर पुढच्या शुक्रवारी सकाळी गाडी येऊन दुकान उचलणार.

तोवर माळी आलाय. हातगाडीवर गवताच्या वळकट्या घेऊन आला, चटईसारख्या गुंडाळलेल्या. बाहेरचे पाहुणे यायचेत, तोवर शहर फोटोसारखं दिसलं पाहिजे म्हणे. (शहरावरून फोटो काढतात एवढंच मला माहीत होतं.) दुकान आहे तोवर त्याला गवत घालता येत नाही आणि गवत घातल्याशिवाय परत जाता येत नाही, म्हणून तो बिचारा वळकटीवर बसून माझ्याकडचा चहा पितो. गवत वाळायला लागलं, तेव्हा कपड्यांवर शिंपडता शिंपडता मी त्याच्यावरही पाणी मारते. गवताचा काय दोष?

तू म्हणशील, ताई, तुला कळत नाही, जुनं एका अंगाला, नवं एका अंगाला, मधे काही आलं की डोळा अडखळतो. अडखळू दे की! मनोऱ्याचा पहारेकरी खाकी घेऊन माझ्याकडेच येतो आणि इमारतीतली माणसं पांढरे शर्ट घेऊन माझ्याकडेच येतात. तुझं जुनं आणि नवं भेटतं ते माझ्या टेबलावर, आणि तू नेमकं टेबलच उडवलंस. मीही जन्मभर सुरकुत्याच काढते, पण सुरकुतीबरोबर सदरा गायब केला नाही कधी. आणि बाबांच्या भीतीनं पहिला कॅमेरा कुठं लपवला होतास ते आठव. याच दुकानात, वरच्या फळीवर, चादरींच्या चळतीत. तेव्हा बरं दिसत होतं दुकान!

तर मूळ फोटो घेऊन स्वतः ये. पोस्टानं पाठवू नकोस, कचेरीत तो फोटो माझ्याइतकाच हरवेल. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

ता. क. हो, आठवतंय मला. पहिल्यांदा तू फोटो दाखवलास तेव्हा मीच म्हटलं होतं, यातून मला काढून टाक, नाहीतर घरात पाऊल ठेवू नकोस. केस झाडूसारखे, तोंड हे एवढं उघडं, कुणावर तरी ओरडताना उभी. पण मला काढ म्हटलं होतं, दुकान काढ म्हटलं होतं का? आयुष्यात माझं एक ऐकलंस आणि तेही जास्तीचं.

आणखी एक. मूळ फोटोत आता काहीही सुधारू नकोस. केस तसेच राहू देत. तोंड तर उघडंच पाहिजे. साहेबांना दिसू दे, मी तेव्हाही तिथंच होते आणि तेव्हाही ओरडतच होते. कधी येतोस ते बुधवारच्या आत कळव.