गच्चीवरच्या बारा बादल्या

मलकापूर (कराड),
३ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की डंकावर मिरची कुटणाऱ्या बाया कान टवकारतात. म्हणून कागद.

परवा तुझ्याकडून आलो, अजून डोळा लाल आहे. तुझ्या जयराजनं गच्चीवर रंगाच्या बारा बादल्यांत जे लावलंय, त्याला मी मिरची म्हणणार नाही. सायकलला पोतं बांधून धंदा सुरू केला तेव्हापासून चाळीस वर्षं मिरचीत आहे, पण असलं किळसवाणं फळ पाहिलं नाही. अंगभर फोड उठल्यासारखी साल आणि बुडाला विंचवाची नांगी. मोडली तर आतून तेलकट पाझर. तोच हात डोळ्याला लागला, आणि पुढं आणखी कुठं लागला ते थोरल्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. जयराज बाथरूमबाहेर उभा राहून, मामा, ताक देऊ का, असं विचारत होता. प्यायला की लावायला, ते मी विचारलं नाही. वर पिशवीत दोन मिरच्या घालून दिल्या, मामीला दाखवा म्हणून. ती नाक मुरडून माहेरी जायला निघाली होती. फौजेतून पेन्शनीत आलेल्या जयराजनं ऊस बघावा. त्याला समजाव.

आता कामाचं. यंदाच्या कांदा-लसूण मसाल्याचा पहिला डबा तुझ्या फडताळात ठेवलाय. मिरचीच्या खकाण्यात माझी जीभ कधीच मेली, कान तेवढे शाबूत आहेत. म्हणून तू चाखून होकार दिल्याशिवाय मी पाकिटं भरत नाही. औंधला एका लग्नात पंगतीला बसलो असता माझ्या पाठीमागं दोघी बोलत होत्या, नानासोच्या मसाल्यात आता राम न्हाई, लय करपट लागतोय. पण अक्कानं पास केलेला मसाला, म्हणून मान ताठ ठेवून हात धुतले. लवकर कळव.

माया उतू जाऊ दे, पण आटू देऊ नकोस.

तुझा,
नानासो


सांगली,
८ एप्रिल २०२४

चि. नानास,
अ. उ. आ.

जयराजला शिव्या घालू नकोस. त्या बादल्या माझ्या आहेत. त्यानं बी मागवून दिलं, एवढंच. बुडाला भोकं मी पाडली, शेणखत आणि नारळाचा भुसा मी कालवला. ऊन चढलं की फुलं गळतात, म्हणून हिरवी जाळी मी बांधून घेतली.

तीन वर्षांमागं तो ताप आला तेव्हा माझा वास गेला होता. तो परत आला, असं तुला कळवलं. पण आला तो उलटा आला. कांदा परतला की गटार तुंबल्यासारखं येतं. लसणाची फोडणी बसली की भिंतीआड घूस मेलीय असं वाटतं. सून कौतुकानं मटण शिजवते आणि मी पदर नाकाला लावून गच्ची गाठते. भाकरी म्हणजे भिजलेला पुठ्ठा. दोनदा तर ताटावरच ओकले. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. त्यांना काय जातंय! या मिरचीचं काडीएवढं टोक दहीभातात कालवलं की तोंड भाजतं. त्याला वास लागत नाही, घाण वाटत नाही. चार घास खाली उतरतात.

आता नीट वाच. पहिल्या वर्षी तुझा डबा उघडला आणि मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाही. पुढचे डबे न उघडताच भांडीवाल्या रंगूबाईला दिले. आणि तुला झकास जमलाय म्हणून लिहीत गेले. आई गेल्यापासून माहेराहून माझ्याकडं तेवढा डबाच येतो रे. खरं लिहिलं असतं तर तोही थांबला असता.

त्या बाया खोटं कशाला बोलतील? यंदाची पाकिटं भरू नकोस.

रागावलास तर रागाव, पण ते कागदावर लिहून धाड.

अक्का


मलकापूर,
१५ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस घरात कुणाला तुझं नाव काढू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भट्टीपाशी जाऊन डोळे मिटून उभा राहिलो. लसूण कढईत पडला आणि आवाजच चुकला. चुरचुर व्हायला हवी तिथं एकदम तडतड. भट्टीवरच्या क्रांतीला दरडावून विचारलं. ती म्हणाली, तीन वर्षांमागं नवी शेगडी आल्यापासून करपतोयच की मालक, पण अक्कास्नी चालतंय म्हटल्यावर आमी कशाला तोंड उघडू? सगळ्या डंकाला ठाऊक, मालक सोडून! आणि तसला काळा लगदा मी तीन वर्षं लोकांच्या कालवणात घातला. तुझा राग आला होता, त्याच्या दुप्पट स्वतःची शिसारी आली. यंदा कुटलेला सगळा मसाला खड्डा काढून पुरला. कुत्रं आलं, हुंगून शिंकत गेलं.

यापुढं पाकिटांचा माल क्रांती चाखेल. कालच्या नमुन्याला ती तोंडावर म्हणाली, ह्यो म्हशीला घातला तर दूध आटंल. अशी जीभ पाहिजे.

पण डबा तुझ्याकडं येणार म्हणजे येणार. सोबतच्या डब्यात कांदा नाही, लसूण नाही. तीळ, खोबरं, धने, मीठ, ब्याडगी, आणि जयराजनं दिलेल्यातली ती एक विंचवीण. कुटायला घेतली तसा सगळा डंक खोकत रस्त्यावर आला. आवं, माणसं मारायचा इचार हाय का, म्हणून शेजारचा टेलर सिद्धू ओरडत होता.

चांगला आहे असं लिहिलंस तर मी फाडून टाकीन. ओकलीस तर ओकले म्हणून लिही.

माझ्यावरचा जीव आहे तेवढाच ठेव, खोटा वाढवू नकोस.

नानासो


सांगली,
२२ एप्रिल २०२४

चि. नानास,
अ. उ. आ.

डबा मी स्वतः उघडला. जयराज शेजारी घमेलं धरून उभा होता, ते लागलं नाही.

खोबरं काढ, जळक्या रबरासारखं येतं. धने म्हणजे चिरडलेले ढेकूण. ब्याडगी नुसती दिसायला. मीठ जास्त झालंय. तिळाला मात्र घाण नाही. मिरची अजून अर्धी घातलीस तरी चालेल, तुझ्या टेलरला सुट्टी दे.

अर्धी भाकरी खाल्ली. एकंदरीत मसाला टाकाऊ आहे. दुसरा करून पाठव.

अक्का