मागच्या सीटवर तुम्ही

आण्णा, मंगळवारी माझ्या हातून एका म्हातारीचा जीव गेला असता. गेला नाही, आणि त्यात माझं काहीही कर्तृत्व नाही. तेव्हापासून गाडी जिन्याखाली उभी आहे. ती पुन्हा काढायची की विकून टाकायची हे मला ठरवायचं आहे, आणि मोटरसायकलच्या बाबतीत मी आजवर तुमच्याशिवाय कोणाचं ऐकलेलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, मेलेली माणसं उत्तर देतात असं मी मानत नाही. तरी तुम्हालाच लिहिते आहे, कारण जे झालं त्यात तुमचाही हात आहे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुमची नेमणूक मुरगुडात, जनावरांच्या दवाखान्यात. तुम्ही डॉक्टर नव्हता, पण आसपासच्या गावांत सगळे तुम्हाला डॉक्टरच म्हणत आणि तुम्ही त्यांना दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसा. एका रविवारी सकाळी तुम्ही गाडी गारगोटीच्या रस्त्याला घेतली, अर्ध्या वाटेत थांबवली, खाली उतरलात आणि मला म्हणालात, "सरक पुढं." मला वाटलं, क्लच कुठं आणि ब्रेक कुठं हे सांगाल. ते दोन मिनिटांत सांगून झालं. मग मागं बसलात आणि म्हणालात, "आता मला पुढचं कायबी दिसत न्हाय. तुझं डोकं आड येतंय. तवा तू सांगायचं, पुढं काय काय हाय ते. मोठ्यानं." मी समोर बघितलं आणि म्हणाले, रस्ता मोकळा आहे. "मोकळा? आन् त्यो काठावरचा म्हातारा? त्यानं चपला काढून हातात घेतल्यात. का घेतल्यात?" मग तुम्हीच म्हणालात, "पळणार हाय त्यो. रस्ता वलांडायला." आणि खरंच, आम्ही जवळ पोचतोय तोवर म्हातारा धोतर सावरत आडवा पळाला. दिसत नाही म्हणणाऱ्या तुम्हाला माझ्या खांद्यावरून सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं ते मला.

त्या दिवसापासून मी बोलत गाडी चालवू लागले. डाव्या हाताला टेम्पो, ड्रायव्हर आत बसलाय, दार उघडणार. पुढं सायकल, मागं पोतं, डुगडुगणार. वळणावर एसटी, मधून येणार. प्रत्येक वाक्यावर मागून तुमचं "हां" यायचं. एखादं सुटलं तर "हां" यायचं नाही आणि काय राहिलं ते मी शोधू लागायची. "बोललीस म्हंजी बघितलंस," एवढंच तुमचं म्हणणं. चहाच्या टपरीवर थांबलो की लोक तुमची खेचायचे. "आवं डॉक्टर, पोरगी म्होरं आन् तुम्ही मागं? लाज न्हाय वाटत?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणायचात, "मागं बसल्यावर डुलकी काढता येती की. तू बस तुझ्या बायकोच्या मागं एकदा, बघ कसं वाटतंय." टपरीवाला हसून हसून खोकायला लागायचा. मी मात्र हसायची नाही, कारण तुम्ही डुलकी काढत नाही हे फक्त मला माहीत होतं.

एकदा सुट्टीत तुम्ही मला दवाखान्यात मदतीला उभी केलीत. पाय सुजलेली म्हैस, मालक शिंगाशी, मी दाव्याला. मी म्हशीच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही खाली बसल्या बसल्या म्हणालात, "तोंडाकडं काय बघतीस? तिला काय तुला सांगून लाथ मारायची हाय व्हय? पायाकडं बघ. भार कुठल्या पायावर टाकलाय ते बघ." ती उजवीकडं झुकते, डावा पाय हलका होतो, तुम्ही आधीच बाजूला झालेले असता, आणि खूर तुम्ही होतात त्या जागेवरून हवेत निघून जातो. तुम्ही चिडत नाही. पुन्हा तिथंच बसता आणि तिच्या पोटावर थाप मारता. संध्याकाळी परत येताना तुम्ही तेच रस्त्याबद्दल सांगितलंत. माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. पुढच्या चाकाकडं बघायचं. चाक वळायच्या आधी खांदा वळतो, खांद्याच्या आधी डोकं. माणूस काय करणार हे त्याला कळायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

आणि स्वयंपाकघरातली ती दुपार. उभ्या टेम्पोचं दार अचानक उघडलं आणि त्यावर आपटून मी गाडीसकट पडले होते. गुडघा फुटलेला, सलवार फाटलेली. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर जेवत होता, आणि मी चुलीसमोर उभी राहून सगळा प्रसंग न्यायाधीशासमोर मांडावा तसा मांडत होते. चूक त्याची होती. त्यानं आरशात बघितलं नाही. मी माझ्या बाजूनं, माझ्या वेगानं चालले होते. तुम्ही घास संपवलात. "व्हय, चूक त्याचीच. मग गुडघा त्याचा का न्हाय फुटला?" मी म्हणाले, हा काय प्रश्न झाला? "त्यो बघणार न्हवताच. त्यो कवाच बघत न्हाय. हे तुला ठावं पायजे हुतं." आईनं माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. आठ दिवस मला किल्ली मिळाली नाही. तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता की मी एक दिवस जेवले नाही. पुढं निवृत्त होईपर्यंत मी वर्गात मुलांना सांगत आले, प्रयोगशाळेत शेजारी उभा असलेला मुलगा आम्ल सांडणारच आहे असं धरून उभं राहायचं. मुलं मला खडूस म्हणत. म्हणू देत. माझ्या वर्गात कोणाला भाजलं नाही.

पहिला पगार झाल्यावर मी तुम्हाला काही आणायच्या आधी तुम्हीच माझ्यासाठी हेल्मेट आणलंत. तेव्हा कोल्हापुरात बाईच्या डोक्यावर हेल्मेट म्हणजे तमाशाच होता. गल्लीतल्या एकानं विचारलंच, "काय डॉक्टर, पोरीला पातेलं घालून कुठं लढाईला धाडताय?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यासारखी माणसं गाडी चालवत्यात तिकडंच." आई गेली, धाकटा भाऊ पुण्याला गेला, आपण दोघंच उरलो, आणि तुमची गाडी चालवायची उमेद संपल्यावर मी तुम्हाला मागं बसवून रोज संध्याकाळी रंकाळ्यावर नेऊ लागले. मी बोलायची, तुम्ही "हां" म्हणायचात. शेवटच्या वर्षात तुम्हाला नीट ऐकू येत नव्हतं. तरी "हां" यायचं. ते आता रस्त्यासाठी नव्हतं, हे मला कळत होतं.

तुम्ही गेल्यावर बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकलं आणि मी कॉलेजला निघाले. कोपऱ्यावर तोंडातून आपोआप निघालं, "पुढं रिक्षा, पाय बाहेर काढलाय, थांबणार." मागून काही आलं नाही. मी तशीच बोलत राहिले. न बोलता चालवायला मला येतच नव्हतं. मग केव्हापासून कोण जाणे, रस्त्याच्या अधेमध्ये दुसरं येऊ लागलं. उजवीकडून गाडी, वेग कमी करत नाही. आण्णा, आज नवीन प्राचार्यांनी मला सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागचा ट्रेलर हेलकावे घेतोय. आण्णा, धाकट्यानं दिवाळीला येत नाही म्हणून कळवलं. सुरुवातीला सिग्नलला लोक बघायचे. आता कोणी बघत नाही, आता सगळेच हेल्मेटमध्ये बोलतात. तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. तेव्हापासून दिवसभरात माझं बोलणं म्हणजे सकाळी दूधवाल्याला "अर्धाच दे" आणि नंतर गाडीवर तुमच्याशी. काम नसलं तरी गाडी काढते. फुलेवाडीपर्यंत जाते आणि येते. धाकटा फोनवर म्हणतो, "ताई, आता कशाला जोखीम? विकून टाक, रिक्षानं जात जा." रिक्षात मी कोणाशी बोलू, हे त्याला कसं सांगणार?

मंगळवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. फुलेवाडीच्या अलीकडं रस्ता भरलेला. ऊस घेऊन ट्रॅक्टर निघालेले, स्पीकर लावलेले, मध्येच देवदर्शनाला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या मोबाइलवरचा नकाशा बघत कुठंही थांबणाऱ्या. हे सगळं मला दिसत होतं, पण मी त्यातलं एकही वाक्य बोलत नव्हते. आदल्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ टाकलं होतं, ते तुम्हाला सांगत होते. आई असती तर काय म्हणाली असती, ती कशी आधी पदर तोंडाला लावून हसली असती. एवढ्यात उजव्या हाताला भाजीची गाडी दिसली, कोथिंबीर घ्यायची आठवली, आणि मी वळले. आरसा नाही, इंडिकेटर नाही, मान वळवून मागं बघणं नाही. चाळीस वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट मी अशी केली जशी रोज करते.

ब्रेकचा आवाज माझ्या उजव्या गुडघ्याशी येऊन थांबला. एका हाताच्या अंतरावर स्कूटर, त्यावर वीस-बावीस वर्षांची मुलगी. तिच्या मागं तिची आजी, एका डोळ्यावर हिरवा कपडा बांधलेली, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी निघालेली. दोघी पडल्या नव्हत्या. ती म्हातारी पडली असती तर तिच्या मागूनच ट्रॅक्टर येत होता. त्यानं कर्कश हॉर्न वाजवला आणि तो आमच्या बाजूनं, ते दोन्ही लांबलचक ट्रेलर ओढत, पुढं गेला. मी दोन्ही ट्रेलरची सगळी चाकं बघितली.

म्हातारीनंच आधी तोंड उघडलं. "काय गं बाई! डोळा माझा बांधलाय, तुझा न्हवं!" मुलगी मात्र शांत होती. आपल्याकडच्या मुली पुरुषासारखं 'आलो, गेलो' बोलतात ना, तशीच म्हणाली, "आज्जे, गप. काकू, मी मगापासनं तुमच्या मागंच ऱ्हायलो हुतो, अंतर ठेवून. तुमचं डोकं सारखं हलत हुतं. म्हटलं, ह्या फोनवर हायत, आता ह्या कुठंबी वळणार. म्हणून वाचलो." आण्णा, तिनं माझा खांदा बघितला नव्हता. त्याच्याही आधीचं बघितलं होतं. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांतून तिनं धोक्याची म्हणून निवडली ती माझी. मी जन्मभर दुसऱ्यांना जसं वाचत आले, तसं कोणीतरी मला वाचलं, आणि अगदी बरोबर वाचलं.

"फोनवर हुता न्हवं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, हो. ज्या गोष्टीसाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढलं, ती मी चटकन कबूल केली, कारण खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हातारी काही सोडायला तयार नव्हती. "असं कोन हुतं फोनवर एवढं जरुरीचं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वडील." म्हातारीनं एका डोळ्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. माझे पांढरे केस हेल्मेटच्या खालून दिसत होते. "तुझं वडील हायत अजून? नशीब काढलंस की गं!" तिचा राग कुठल्या कुठं गेला. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "मग घरला जाऊन बोल की त्येंच्यासंगं निवांत. रस्त्यात कशाला? म्हातारं मानूस कुठं पळून जातंय व्हय?" मुलीनं स्कूटर सुरू केली. जाताना तिनं आरशात बघितलं, मग मान वळवून मागं बघितलं, मग निघाली. मी गाडी हातानं ढकलत घरी आणली.

तिनं सांगितलं तसं मी करून बघितलं. घरात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आण्णा." तेवढ्या एका शब्दानं घर केवढं मोठं झालं. पुढं काही निघेना. गाडीवर वारा असतो, इंजिन असतं, मागून "हां" आलं तरी ऐकू येणार नाही अशी सोय असते. घरात ती सोय नाही. घरात उत्तर येत नाही हे स्पष्ट ऐकू येतं. म्हणून वही घेतली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, पत्ताच नाही. वही कपाटात साड्यांखाली राहील. पण इथून पुढं आमटी, धाकटा, गुडघेदुखी, सगळं वहीत. गाडीवर फक्त रस्ता. ते जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर गिऱ्हाईक शोधायचं, असं मी स्वतःला बजावलं आहे, आणि तुम्हाला सांगायचं तर कठोर वाटेल, पण सांगते. आण्णा, तुम्ही आता मागच्या सीटवरून उतरा.

वरचं सगळं काल रात्री लिहिलं. आज सकाळी गाडी काढली. फुलेवाडीपर्यंत गेले आणि आले. डावीकडं रिक्षा, उतारू हात करतोय, थांबणार. पुढं दुधाची गाडी, कॅन सैल आहेत. काठावर कुत्रं, पलीकडं त्याचं पिल्लू. एकही सुटलं नाही. तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही. दोन-तीनदा शब्द ओठांपर्यंत आले होते, ते मी गिळले. इतकी नीट गाडी मी कित्येक वर्षांत चालवली नव्हती, आणि इतकी एकटीही. गाडी विकणार नाही.

फक्त एक आहे. शेवटी शेवटी तुमची कंबर दुखायची, म्हणून स्पीडब्रेकर आला की मी गाडी जवळजवळ थांबवून, पाय टेकून, हळूच पलीकडं उतरवायची. आजही तशीच उतरवली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एवढं मात्र मी सोडणार नाही.