निशाकडं निरोप

ता. गंगापूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. करुणाआत्यास,
निशाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

घरात फोन एकच, तोही पप्पांच्या खिशात, म्हणून चिठ्ठी लिहितेय. मामाच्या लग्नात पप्पांना टॉवेल-टोपी द्यायची राहिली, तवापासून मम्मी-पप्पांचा अबोला आहे. दीड वर्ष झालं. एकाच खोलीत बसून मम्मी मला म्हणती, तुझ्या बापाला सांग, पीठ संपलंय. पप्पा म्हणतात, तुझ्या आईला विचार, हात मोडलेत का. मी त्याचं 'संध्याकाळी आणतो' करून सांगते. हसू नको गं!

काल मम्मीनं निरोप दिला की ती कायमची माहेरी चालली. पप्पांनी उलट सांगितलं, खुशाल जा म्हणावं. तेवढं मी अजून सांगितलं नाय. सांगितलं तर ती जाईल. आत्या, अकरावीचं एक अक्षर डोक्यात शिरंना. जेवलेलं वर येतं. लई भीती वाटती. मला तुझ्याकडं घेऊन जा.

लोभ आहेच, तो सोडू नको.
तुझी निशा

छ. संभाजीनगर, ९ ऑगस्ट

चि. निशास, अनेक आशीर्वाद.

वाचून हसले पण, रडले पण. माझी बाई ती! त्या घरात तूच शहाणी. असंच गोड करून सांगत राहा, बारावीपर्यंत घर मोडू देऊ नको. इथं एका खोलीत आम्ही पाच जणं, तुला कुठं ठेवू? जेवत जा. आणि दादाला सांग, बायकोशी नीट वाग म्हणावं. वहिनीला सांग, माझी शपथ आहे, जाऊ नको.

आत्यावर रागावू नको, माया असू दे.
करुणा

ता. गंगापूर, २६ ऑगस्ट

चि. करुणास, कडुबादादाचा जयभीम.

फोनवर बोलवंना, म्हणून लिहितोय. तेरा तारखेपासून निशा एक शब्द बोलत नाय. आधी वाटलं, नखरे आहेत. मी तिच्यावरच ओरडत होतो, तुझ्या आईला विचार तुला काय झालंय. आठव्या दिवशी तिनं ताट पण सरकवलं, तवा मी बायकोला थेट विचारलं, पोरीला काय झालंय. तिला माहीत नव्हतं. मला तरी कुठं माहीत होतं!

डॉक्टरांनी निशाला नाव विचारलं, तर आम्ही दोघंबी एकदम बोललो. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. आता तिकडं मनाच्या डॉक्टरकडं दाखवायला सांगितलंय. सोमवारी तिघं येतोय. खोली लहान असली तरी तिला ठेवून घे, पाया पडतो.

वहीत तुझं पत्र सापडलं. त्यातला माझ्यासाठीचा निरोप तुझ्या वहिनीनं मला वाचून दाखवला, तिच्यासाठीचा मी तिला. निशा भिंतीकडं तोंड करून पडली होती.

भावावर लोभ ठेव. आणि तिच्याकडं आता कसलाच निरोप देऊ नको. मला लिही.
कडुबा