आई, तो माझा गुण नव्हता

प्रिय आई,

तुला जाऊन सात महिने झाले. आज लिहायला बसले, कारण रविवारी लिंबागणेशहून पाहुणे मला बघायला येणार आहेत. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणजे तू गेलीस ती माझी मुदत ठरवूनच. आता बोलायचं कुणापाशी?

तुला मी सांगितलं होतं ना गं? दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आपण दोघी शेंगा फोडत बसलो होतो. महिनाभर शब्द जुळवले होते मी. मोबाइलवर ‘समलैंगिक’ सापडला, पण तो तुझ्यापुढे काढवेना, कोर्टाच्या कागदातला वाटतो. आपल्याकडे अशा पोरांसाठी निदान शिव्या तरी आहेत. बाईला बाई आवडली तर तिला नावं ठेवायलाही शब्द नाही. मग घाबरून अर्धंच बोलले, “आई, मला पुरुषांबद्दल काही वाटतच न्हाई.”

तू माझ्या तोंडावरून हात फिरवलास. “बरंच हाय की. चांगल्या घरच्या पोरीला काहून वाटावं? लगीन झाल्यावर वाटतं समदं.”

वर सगळ्या युसूफ वडगावात सांगत सुटलीस, “माजी पोरगी मान वर करून कुणाकडं बघत न्हाई.” हसावं की रडावं? मी कबुली दिली, तू तिचा गुण केलास. परवा मावशीनं फोनवर हाच गुण पाहुण्यांना सांगितला. ते लई खूश आहेत म्हणे.

आणि मी बघत होते गं. बीडला माझ्यासोबत खोलीत राहणारी वैशाली, जिच्या हातची भाकरी तुला आवडायची, तिच्याकडेच बघत होते. ती केस विंचरायला बसली की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं. माझा जीव तिच्यावर आहे, तिचा माझ्यावर. एवढंच म्हणाले असते, तर तुला कळलं असतं. तेव्हा का नाही सुचलं? तुझा राग येतो, माझा जास्त येतो.

काल जेवताना अण्णा म्हणाले, “आई असती तर तिच्यापाशी बोलली असतीस. आता मीच तुजा बाप, मीच तुजी आई. पोरगं पसंत न्हाई का?”

मी म्हणाले, “तसं काही न्हाई,” आणि त्यांना आमटी वाढली. परत अर्धंच! त्यांना कसं सांगू, की तुझ्यापाशी बोलून झालंय?

रविवारच्या आत मी अण्णांना वैशालीचं नाव सांगेन. ते ओरडतील, घरात कोंडतील, त्याचं एवढं नाही. भीती वाटते ती ते हसून म्हणतील याची, “मग बोलव की तिला लग्नाला.”

म्हणाले, तर पुन्हा सांगेन. त्यांना कळेपर्यंत सांगेन, आई.

तुझीच,
मंगल