मांडवाबाहेरची सनई

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवावा लागतो. राग मात्र लगेच सापडतो.

सहावीत शाळेच्या बँडसाठी मला पत्र्याची बासरी मिळाली. सहा भोकांची, शिट्टीसारख्या तोंडाची. मी फुंकायचे आणि ती किंचाळायची. तुम्ही लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशीनवरून अंगभर भुसा घेऊन यायचात आणि माझ्याकडे पाठ करून हातपाय धुताधुता म्हणायचात, "इतक्या जोरानं काहून फुकून राहिली? अन् तिसरं बोट नीट टेकव." न बघता तुम्हाला कसं कळतं, ते आईनं सांगितलं. गावी तुम्ही सनई वाजवायचात, पाटलांच्या लग्नात, मांडवाबाहेर उभं राहून. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं तुम्हाला मिळायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तुम्ही सनई चुलीत घातली, पुन्हा कुणाच्या दारी वाजवणार नाही म्हणालात, गाव सोडलंत. "कोणाले सांगू नको वं," आई म्हणाली.

मी सांगितलं. बँडमधल्या मुली माझ्या बासरीला हसल्या, तेव्हा तोऱ्यात म्हणाले, माझे बाबा सनई वाजवतात, तुमच्या बाबांना येते का? आठवड्याच्या आत शाळेच्या मोठ्या बाईंचा शिपाई आरामशीनवर हजर. बाईंच्या भाचीचं लग्न आहे, सनईवाल्याला बोलावलंय. हे त्यानं सगळ्या कामगारांसमोर सांगितलं.

त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. ताटं वाढलेली होती. तुम्ही बासरी माझ्या हातात दिलीत आणि मला दाराबाहेर उभं केलंत. "वाजव. आमचं जेवण होईपर्यंत थांबायचं नाही. वाजवणाऱ्याले मागून वाढतात." मी वाजवते आहे, ओठ सुजलेत, शेजारणी दारात येऊन बघताहेत. आत भाऊ मान खाली घालून वरणभात कालवतो आहे. "अवो, लेकरू आहे ते, बस करा," आई म्हणते. तुम्ही आणखी भात मागता. मग तुमचं उष्टं ताट तुम्ही स्वतः उंबऱ्याबाहेर ठेवलंत. "खा. आता समजलं का?" समजलं, बाबा. अकराव्या वर्षी इतकं समजायला नको होतं.

शेवटच्या आजारात, वॉर्डात, तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "तू ते बासरी वाजवतं का वं अजून? वाजव ना थोडीशी. मले आयकाचं आहे."

"मले नाही येत," मी म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी घेऊन उठले.

येत होतं. शाळेच्या मागे चोरून शिकले होते, चांगलं वाजवत होते. बासरी तेव्हाही पर्समध्ये होती. विचारणाऱ्यांना मी सांगते, बाजूला एवढे पेशंट, कसं वाजवणार? हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. पेशंटांचं काही नव्हतं. तुमचा चेहरा पडला तो मी नीट पाहून घेतला आणि मला बरं वाटलं.