नळीकडची बाजू

सोमवार, ४
आज वेधशाळेत राखणीच्या कामावर रुजू झाले. टेकडीवर घुमट, शेजारी माझी खोली, खिडकीत भरपूर ऊन. हे गेले त्याला सात महिने झाले. आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

जुन्या राखणदाराने काम दाखवलं. दुर्बिणीची नळी एका बाजूला, लोखंडी दांड्यावरचं वजन दुसऱ्या बाजूला. रोज सकाळी नळी जागी आवळून धरणारा क्लॅम्प सैल करायचा, नळी आडवी धरायची आणि वजन मागेपुढे सरकवायचं. हात काढल्यावर नळी जागची हलली नाही, की तोल जमला. मग ती ताऱ्यांच्या चालीने सावकाश फिरते. म्हणाला, बाई, सासूचं मन राखण्यापेक्षा सोपं आहे. मी विचारलं, मग तुम्ही का सोडताय? तो चपला शोधायला लागला.

बुधवार, ६
नळी जड लागली. वजन चार बोटं बाहेर सरकवलं. भिंग स्वच्छ, आत काही नाही. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात लिहिलंय, की नळीला काही जोडलं किंवा काढलं तरच तोल बिघडतो. मी तर कशाला हात लावलेला नाही.

गुरुवार, ७
आणखी एक वीत. व्यवस्थापकांना फोन केला. म्हणाले, तुम्ही नव्या आहात, हात बसला की होईल. लेक रविवारी येते आहे. तिला म्हटलं, मला घेऊनच जा. हसली. म्हणे, आई, आठवडाही टिकली नाहीस!

शनिवार, ९
वजन दांड्याच्या टोकाला. पुढे जागाच नाही.
हा भार ओळखीचा आहे. दोन वर्षं आजारपणात यांना कुशीवर वळवलं, मनगटांना तो पाठ आहे. आधी जरा सावरल्यासारखं करायचे, मग एकदम अंग टाकायचे. तसंच.

रविवार, १०, सकाळ
चूक झाली. वजन आणखी थोडं बाहेर घ्यावं म्हणून टोकाचा बोल्ट काढला. वजन निसटू नये म्हणूनच तो असतो. वजन फरशीवर पडलं, दांडा वर उसळला. मी लोंबकळून खाली ओढला. क्लॅम्प पलीकडे, हात पोचत नाही. सोडला तर नळी खांबावर आपटेल, एवढंच. एवढंच — पण सोडवत नाही. वही स्टुलावर. एका हाताने लिहिते —

दुपार
लेक आली. ओरडले, आत येऊ नकोस. ऐकते कुठली. सरक, म्हणाली, किती दमलीस — आणि दांडा धरला. मी सुटले.
म्हटलं, आता तूही सोड. आपटू दे. घरी चल.
धरूनच उभी. मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं —
म्हणाली, सोडू कशी, आई? बाबा पडतील ना.

मी पलीकडे जाऊन क्लॅम्प आवळला. दांड्यावर आता भारच नाही. तरी ती सोडत नाही —

तिची बोटं उघडायला डावा हात घातला. आता तोही निघत नाही. नळीकडून सावकाश — अंग टाकताहेत — माझ्या खांद्या