बुटक्या गुलाबांना एक्स्पोर्ट ग्रेड

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०
निवृत्त होऊन वीस दिवस झाले. नैवाशाच्या फुलांच्या फार्मवर एकतीस वर्षं गुलाबांचं ग्रेडिंग केलं. देठ हातात घेतला की पट्टी न लावता लांबी सांगायचो. चाळीस सेंटीमीटरच्या खालचा माल रिजेक्ट. हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात कोणाला त्याचं काही वाटत नाही.
१६ ऑगस्टला मुगोच्या घरचे शेळ्या घेऊन आमच्या न्याकिओला मागणी घालायला येणार. टेबलावरची फुलं ती ऑर्डर करणार होती. मी फोनवरच थांबवलं. म्हटलं, अख्ख्या युरोपला फुलं पाठवणाऱ्या माणसाच्या घरी विकतची फुलं? ती म्हणाली, "चालेल बाबा. पण नक्की ना?"
ते 'नक्की ना' मी लक्षात ठेवलं आहे.
निर्णय: बाल्कनीत बारा कुंड्या. मिनिएचर गुलाब. बाराच्या बारा फुलणार.

४ जून, बुधवार
रस्त्याकडेच्या नर्सरीतून बारा रोपं आणली. वीतभर उंची. नर्सरीवाला म्हणतो ही जात बुटकीच राहते. मी म्हटलं, त्यांच्याकडून आजवर कोणी अपेक्षाच ठेवली नसेल.
बाल्कनीत बायकोच्या, म्हणजे वांगेचीच्या, गोण्या होत्या; त्यांत सुकुमाची पालेभाजी लावलेली. त्या जिन्याकडे सरकवल्या. बायको म्हणाली, "सरकवा. संध्याकाळी मक्याच्या उगालीबरोबर गुलाब वाढते." दुर्लक्ष केलं.

१० जून, मंगळवार
शेजारच्या बाल्कनीत अवुओरची आई राहते. बसस्टॉपजवळ मासे तळून विकते. तिच्याकडेही हेच गुलाब आहेत, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं. एकेका डब्यावर वीस-पंचवीस फुलं. कठड्यावरून हात लांब करून एक देठ मोजला. सात सेंटीमीटर. रिजेक्ट.
शेजारधर्म म्हणून सांगितलं की बाजूच्या कळ्या खुडाव्यात, म्हणजे सगळी ताकद मधल्या एका कळीला मिळते. ती हसत सुटली. म्हणाली, "साहेब, माझ्या घरात सहा पोरं आहेत. एकालाच जेवायला घालू आणि बाकीची खुडू?"
शास्त्र सगळ्यांना पचत नाही.

१९ जून, गुरुवार. दुपारी
कळ्या खुडल्या. एकूण चौऱ्याऐंशी. प्रत्येक रोपावर एक ठेवली. वांगेचीने कळ्यांचं वाडगं पाहून विचारलं, ही फुलं होती का? म्हटलं, ही नुसती गर्दी होती. ती वाडग्याकडे बराच वेळ बघत राहिली. बायकांना गर्दीचा मोह असतो.

२७ जून, शुक्रवार
प्रश्न उंचीचा आहे. सरासरी एकवीस सेंटीमीटर. उजेड कमी मिळाला की देठ उजेड शोधत लांब होतो, हे मला माहीत आहे. नर्सरीवाल्याला माहीत नसणार. बारा कुंड्या जिन्यात हलवल्या, वरून काळं कापड. प्रत्येकी दोन चमचे युरिया. सुकुमाच्या गोण्या परत बाल्कनीत गेल्या. ही माघार नव्हे. जागेची अदलाबदल.
खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार आली की अंधारात कुंड्यांना पाय लागतात. त्यांना म्हटलं, बघून चाला.

८ जुलै, मंगळवार
एकोणतीस सेंटीमीटर! एक रोप तर एकतीस. जात बुटकी म्हणे!
देठ थोडे वाकलेत. मोडक्या छत्रीच्या काड्या काढून आधार दिला. पानं फिकट आहेत. फिकट रंगाला युरोपात मागणी असते.

१५ जुलै, मंगळवार
आज पाण्याचा दिवस, आणि नळाला पाणी नाही. घरात एक जेरीकॅन. वांगेचीने क्रम जाहीर केला: स्वयंपाक, भांडी, अंघोळ, मग गुलाब. मी अंघोळ सोडली. तत्त्वासाठी माणसाने काहीतरी सोडलं पाहिजे. वांगेची आज बैठकीच्या खोलीत झोपणार आहे.

२३ जुलै, बुधवार
नऊ दिवस ऊन नाही. पानांवर पांढरी भुरी. फार्मवर भुरी दिसली की मी डिपार्टमेंटला कळवायचो. इथे डिपार्टमेंट मीच. कळवून घेतलं.
अवुओरची आई जिना चढता चढता थांबली. म्हणाली, "साहेब, यांना बाहेर काढा हो. वारा नाही, ऊन नाही. कोंडून ठेवलेलं माणूससुद्धा असंच पांढरं पडतं." आजारी पानं तोडून टाका, मी येऊन करून देते, असंही म्हणाली. मी नको म्हटलं. हिच्याकडे एकही देठ दहाच्या वर नाही, आणि ही मला सांगणार!
संध्याकाळी कुंड्या बाल्कनीत आणल्या. तिच्या सांगण्यावरून नाही. मला आधीपासूनच आणायच्या होत्या.

२ ऑगस्ट, शनिवार
न्याकिओ नाकुरूहून आली. बाल्कनीत गेली, कुंड्या पाहिल्या. मग हळूच म्हणाली, "बाबा, थोडी फुलं ऑर्डर करून ठेवू? नुसती हाताशी म्हणून." मी म्हटलं, अजिबात नाही. ती म्हणाली, "तसं नाही. मुगोच्या काकांना मी सांगून बसलेय, की फुलं माझ्या बाबांच्या हातची असतील. ते सगळीकडे सांगत सुटलेत."
म्हणजे पोरीने माझ्या नावावर शब्द दिलाय. तिला म्हटलं, एकतीस वर्षांत माझी एक खेप परत आली नाही.
(एक आली होती. ती गाडीची चूक होती.)

११ ऑगस्ट, सोमवार
सद्यस्थिती. चार रोपं मागे घेतली. पाच तब्येतीने हिरवी, कळी नाही. तिघांवर एकेक कळी. मात्र सर्वांत उंच देठ अडतीस सेंटीमीटर! एक्स्पोर्टला फक्त दोन कमी. आणि शनिवार पाच दिवसांवर.
वांगेचीला ही बातमी दिली. ती कांदा चिरत होती. "छान," म्हणाली. मागे वळली नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
वांगेची आणि अवुओरची आई स्वयंपाकघरात कुजबुजताना सापडल्या. उद्या सकाळी नऊ डबे आमच्याकडे येणार, रंगीत कापड गुंडाळून. मी स्पष्ट विरोध नोंदवला. वांगेची म्हणाली, "न्याकिओचे बाबा, हे तुमच्या गुलाबांसाठी नाही. पोरीसाठी आहे."
परवानगी दिली. अट एकच, माझ्या तीन कुंड्या मधोमध. मान्य झाली.

१६ ऑगस्ट, शनिवार. सगळे गेल्यावर
सगळं क्रमाने लिहितो.
पाहुणे दहाची वेळ देऊन एकला आले. आमच्या बायकांनी गाणी म्हणत त्यांना रीतसर फाटकाबाहेर अडवलं. शेळ्या कबूल केल्याप्रमाणे होत्या. मग सात मुली नखशिखांत कापडं पांघरून उभ्या केल्या आणि मुगोला सांगितलं, यातली तुझी ओळख. त्याने न्याकिओला पहिल्या झटक्यात ओळखलं. पायांवरून, म्हणे. खूप हशा झाला.
मुगोचे काका मुरिथी भलतेच रंगात आले होते. मोठ्याने म्हणाले, "आमच्या पोराने पोरगी ओळखली. आता व्याही, तुम्ही तुमची फुलं ओळखा!"
सगळे माझ्याकडे बघू लागले. माझे तीन गुलाब छत्रीच्या काड्यांवर माना टाकून होते. भोवती नऊ डबे लालभडक फुललेले. न्याकिओ माझ्या शेजारीच उभी होती. माझा हात डब्यावर गेला. मी नेला नाही. गेला.
अवुओरची आई तिथेच किटली घेऊन उभी होती. म्हणाली, "साहेबांचेच आहेत. मी रोज बघते ना."
इथे विषय संपायला हवा होता. पण काकांनी विचारलं, एवढ्याशा रोपाला इतकी फुलं येतात कशी? मी म्हटलं, खरं तर तीच यातली खोट आहे. आणि खरी क्वालिटी कशी काढतात ते करून दाखवलं. पहिल्या डब्याच्या कळ्या खुडल्या, उमललेलीही काढली, मधलं एक फूल ठेवलं. दुसऱ्याचंही तसंच. हात थांबतच नव्हता. एकतीस वर्षांची सवय. तिसऱ्या डब्यावर न्याकिओने माझं मनगट धरलं.
काकांनी विचारलं, "असंच करतात?"
"मोठे लोक असंच करतात," अवुओरची आई म्हणाली, आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

१७ ऑगस्ट, रविवार
प्रात्यक्षिक तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं. श्रोते तयारीचे नव्हते.
दुपारी शेजारी जाऊन हे समजावून सांगायचं ठरवलं. ती डबे उन्हात मांडत होती. माझ्या आधी तीच म्हणाली, "महिन्या-दीड महिन्यात परत भरतील, साहेब. मुळं धड आहेत." मग मला एक तळलेला मासा दिला. माफी मागायला जागाच ठेवली नाही. मासा चांगला होता.
न्याकिओ सकाळी लवकर नाकुरूला गेली. जाताना मी झोपेत होतो, असं तिला वाटलं.

२४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७
डिसेंबरच्या लग्नाच्या कमिटीची पहिली बैठक, आमच्याच घरी. अठरा जण. अध्यक्ष मुरिथी काका. सेक्रेटरी मी. अक्षर चांगलं म्हणून.
विषय चौथा, फुलं. दोन पानी योजना तयार होती, खिशात. काढणार तोच काकांनी अवुओरच्या आईचं नाव सुचवलं. ती म्हणाली, "डिसेंबरपर्यंत ऐंशी डबे देते, पण डबे तुम्ही गोळा करायचे." मला पार्किंग सांभाळायला दिलं. काकांनी विचारलं, कोणाचा विरोध?
माझा होता. हात वर गेलाही होता. समोर न्याकिओ बसली होती. रागात असती तर सोपं होतं. ती नुसती वाट बघत होती.
मी कान खाजवला.
मिनिट्समध्ये लिहिलं: एकमताने.